कवठ्यातलं समुद्राचं पाणी

आनंदरावांनी पहिला फटका मारला तो खोऱ्याच्या दांड्यानं, आणि तो शेखलाल यांच्या डाव्या खांद्यावर बसला. शेखलाल शेडच्या दारात उकिडवे बसून पाइपाचं टोक ग्राइंडरनं घासत होते. डोळ्यांवर गॉगल, कानांत ग्राइंडरचा आवाज. मागून कोण आलं ते त्यांना कळलंच नाही. ग्राइंडर हातातून सुटला आणि कोब्यावर ठिणग्या उडवत गरागरा फिरत राहिला. दुसरा फटका पाठीत बसला. तिसरा चुकला आणि पत्र्यावर आदळला.

"माझी हीर नासवली तू," आनंदराव म्हणत होते. "माझी हीर नासवली."

ते ओरडत नव्हते. एखाद्याला समजावून सांगावं तसं ते सांगत होते आणि मारत होते.

शेखलाल यांची मुलगी तहमीना आत मशिनपाशी होती. ती धावत आली ती हातातल्या पाइप पान्यासकट. बाप जमिनीवर आडवा आणि दांडा चौथ्यांदा वर गेलेला, एवढंच तिला दिसलं. तिनं पाना आनंदरावांच्या मनगटावर हाणला. दांडा गळून पडला. आनंदरावांनी मनगट छातीशी धरलं आणि तिच्याकडे बघत राहिले. दहावीला असताना ही पोर त्यांच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून परीक्षेला जायची. तिनं पाना पुन्हा उचलला तेव्हा ते दोन पावलं मागं सरकले.

समोरच्या टपरीवरची चार माणसं मध्ये पडली. कुणी तरी ग्राइंडरची वायर उपटली. मग एकदम शांत झालं आणि त्या शांततेत शेखलाल यांचं कण्हणं ऐकू यायला लागलं.

कवठे येमाईच्या त्या शेडमध्ये शेखलाल तीस वर्षं स्टीलच्या टाक्या बनवत होते. दूध डेअऱ्यांच्या, कंपन्यांच्या, कधी मंगल कार्यालयांच्या. तहमीना डिप्लोमा करून रांजणगावला पंप बनवणाऱ्या एका कंपनीत लागली होती. सहा वर्षं तिथं काढल्यावर तिनं नोकरी सोडली आणि बापाच्या शेडमध्ये एक मशिन उभं करायला घेतलं. समुद्राचं खारं पाणी गोड करणारं मशिन, तेही नुसत्या उन्हावर चालणारं. बॅटरी नाही, डिझेल नाही. बत्तीस सोलर पॅनल, त्यांवर चालणारा जोराचा पंप, आणि लांबट नळ्यांमध्ये गुंडाळलेले पडदे. पंप पाणी इतक्या दाबानं पडद्यांवर ढकलतो की पाणी आरपार जातं आणि मीठ अलीकडेच राहतं. सकाळी ऊन चढेल तसा काटा चढायचा. भर दुपारी तो साठ बारला टेकायचा. म्हणजे अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर साठ किलोचं ओझं.

मशिनला गिऱ्हाईक मिळालं होतं कोकणातलं. खाडीच्या तोंडावरची कोळ्यांची एक सोसायटी होती, तिथल्या विहिरी होळीनंतर खाऱ्या व्हायच्या. त्यांची अट एकच. मशिन समुद्राच्या पाण्यावर शंभर तास चालवून दाखवा, मग गाडीत घाला.

कवठ्यात समुद्र कुठून आणायचा? तहमीनानं शिरूरच्या बाजारातून खड्यामिठाची पोती आणली आणि दहा हजार लिटरच्या टाकीत सात पोती रिकामी करून समुद्र केला. तेच पाणी मशिनमधून फिरत राही. चार-पाच दिवसांनी ते तापून गढूळ झालं की काढून टाकावं लागे. त्यासाठी शेडच्या मागं खड्डा घेतला, त्यात शेततळ्याचा प्लॅस्टिकचा कागद अंथरला. पाणी उन्हात आटवायचं, मीठ परत गोळा करायचं, असा बेत. कागद नवा घेऊ, असं तहमीना म्हणाली होती. शेखलाल यांनी दौंडकडच्या कुणाच्या तरी शेततळ्यातून काढलेला जुना कागद आणला आणि फाटला होता तिथं ठिगळं लावली. "महिनाभराचं काम हाय," ते म्हणाले होते. तहमीनानं ठिगळं पाहिली होती. ती काही बोलली नव्हती.

आनंदरावांची विहीर खड्ड्याच्या खाली, उताराला, साठ पावलांवर होती.

शिरूरच्या दवाखान्यात शेखलाल यांचा एक्स-रे काढला. गळ्याजवळचं हाड दोन ठिकाणी मोडलं होतं. डॉक्टरांनी हात गळ्यात बांधून दिला आणि पोलीस केस करणार का म्हणून विचारलं. तहमीना हो म्हणाली, शेखलाल नाही म्हणाले.

"का नाही?" तिनं बाहेरच्या बाकावर त्यांना विचारलं. "मागून येऊन मारलं त्यांनी. डोक्यात बसला असता तर?"

शेखलाल यांनी गळ्यातली पट्टी सारखी केली. मग म्हणाले, "ठिगळ सुटलंय तहमीना. मंगळवारीच बघितलं मी. कोपऱ्यातलं. पाणी हातभर खाली गेलं होतं, आन् एवढं काय उन्हानं आटत न्हाई."

"मग सांगितलं का नाही मला?"

"तुझे चाळीस तास झाले होते. म्हटलं, साठच राहिलेत."

त्या दुपारी घरी आल्यावर ती आधी शेडमागं गेली. खड्ड्याच्या कोपऱ्यात ठिगळाची कड जिभेसारखी वर आली होती आणि खालचा मुरूम ओला होता. तिनं पाण्याचा क्षार मोजायचा मीटर घेतला आणि दुपारची सामसूम बघून आनंदरावांच्या विहिरीवर गेली. दोरीला बाटली बांधून पाणी काढलं. गावातल्या विहिरींना सातशे-आठशेचा आकडा येतो. इथं सहा हजार आठशे आला. तिनं मीटर धुऊन पुन्हा बुडवला. तोच आकडा. विहिरीपलीकडे डाळिंबाच्या तीनशे झाडांची पानं कडेनं विस्तवावर धरल्यासारखी तपकिरी झाली होती. ठिबकच्या प्रत्येक नळीखाली जमिनीवर पांढरं कडं उठलं होतं.

तिनं पंप लावून खड्ड्यातलं उरलेलं सगळं पाणी टाक्यांमध्ये भरून घेतलं. खड्डा कोरडा झाला तेव्हा तिनं ठरवलं, उद्या सकाळी आनंदराव आबांच्या घरी जायचं आणि स्वतःच्या तोंडानं सांगायचं. आमची चूक आहे. विहीर मी गोड करून देते.

सकाळी ती गेली, पण चुकीच्या सकाळी गेली. आनंदरावांची गाभण गाय पहाटे मेली होती. दोन दिवस तिनं हौदातल्या पाण्याला तोंड लावलं नव्हतं, मग तहानेनं पोटभर प्यायली होती. गोठ्यासमोर ती पाय ताठ करून पडली होती आणि आनंदरावांचा मुलगा स्वराज तिच्या गळ्यातली साखळी सोडवत होता. स्वराज तहमीनाच्याच वर्गातला. रांजणगावला दुसऱ्या पाळीत कामाला जायचा आणि सकाळची शेती बघायचा.

"स्वराज," ती म्हणाली, "आबांशी बोलायचंय."

त्यानं वर बघितलं. साखळी हातातच होती.

"बापाच्या मनगटाला दोन टाके हायेत," तो म्हणाला. "तू आता काय बघायला आलीस? गाय बघायला?"

"मी सांगायला आलेय. पाणी आमच्या..."

साखळी तिच्या दंडावर बसली. दुसऱ्यांदा ती पाठ वळवून वाकली म्हणून मानेवर बसली. त्यानं तिचे केस मुठीत धरले, तिला गायीपर्यंत ओढत नेलं आणि तिचं तोंड त्या फुगलेल्या पोटावर दाबलं. "बघ," तो म्हणत होता, "नीट बघ. वासरू हाय आत. बघ." तिच्या नाकातोंडात शेणाचा आणि आंबलेला वास गेला. श्वास घेता येईना. तिनं मागं हात टाकून नखं मारली, पण मूठ सुटेना.

आनंदरावांची बायको मुक्ताबाई घरातून धावत आली. तिनं मुलाच्या मनगटाला चावा घेतला, तेव्हा ती मूठ सुटली.

"जा तू," मुक्ताबाई तिला म्हणाली. तिच्या ओठांना रक्त लागलं होतं. "जा लवकर. तो भानावर न्हाई."

तहमीना उठली आणि चालत घरी आली. जे सांगायचं होतं ते सांगितलंच नाही. रस्ताभर तिच्या मनात एकच होतं, आता सांगणारच नाही. न्हाणीत तिनं तोंड तीनदा धुतलं. दंडावर साखळीच्या कड्यांचे वळ उठले होते, एकेक कडी मोजता येईल असे. बापाला तिनं काहीच सांगितलं नाही. दहा वाजता ऊन चढल्यावर तिनं मशिन चालू केलं. एकसष्टावा तास.

तीन दिवस गेले. स्वराज कामावर गेला नाही, हे तिला टपरीवरून कळलं. त्याचा चुलतभाऊ जयसिंग शिरूरहून रोज येऊन बसतो, हेही कळलं. शेखलाल म्हणाले, मशिन बंद ठेव. ती म्हणाली, वीस तास राहिलेत. पाणी आता बंद टाक्यांत होतं, थेंबभरही खाली जात नव्हतं. त्यामुळं तिला आपण बरोबर आहोत असं वाटत होतं. आनंदरावांची बाग रोज थोडी थोडी करपत होती, तिकडं ती बघत नव्हती.

चौथ्या दिवशी दुपारी एकच्या सुमाराला मागच्या पट्टीतून काच फुटल्याचा आवाज आला. मग दुसरा, मग तिसरा. तहमीना बाहेर आली. स्वराज पॅनलांच्या रांगेतून चालत होता आणि हातातली पहार एकेका पॅनलमध्ये घालत होता. अंग घामानं निथळत होतं. तो घाई करत नव्हता. पहार घालायची, पिळायची, उपसायची, पुढं जायचं. काच फुटून खाली पडत नव्हती, जागच्या जागी पांढरी होत होती.

"स्वराज, थांब," ती म्हणाली.

त्यानं पहार तिच्याकडं रोखली. ती बाजूला झाली. तो तिच्या जवळून शेडमध्ये शिरला.

शेखलाल खाटेवर पडले होते. ते एका हातानं रेटून उठले आणि त्याच्या समोर उभे राहिले. "बाळा, ऐक," एवढं ते म्हणाले. स्वराजनं पहारीचं बोथट टोक त्यांच्या पोटात खुपसलं. ते दुमडून खाली बसले आणि तोंडातून पित्त आलं.

मशिन चालू होतं. पॅनल फुटले तरी छपरावरचे बाकीचे जिवंत होते. काटा अठ्ठावन्नवर होता. पंपापासून पडद्यांच्या नळ्यांकडं जाणारा जाड काळा होस दाबानं दगडासारखा कडक झाला होता. त्याच्या दोन्ही टोकांना मुठीएवढे स्टीलचे जोड होते. मशिनच्या दुसऱ्या अंगाला भिंतीवर लाल बटन होतं. ते दाबलं की पंप बंद, आणि दोन-तीन सेकंदांत दाब शून्यावर.

तहमीना बटनाकडं धावली. तिचा तळवा बटनावर पोहोचला.

"तिथं मारू नको," ती ओरडली. "दाब आहे त्याच्यात. मरशील."

स्वराजनं पहार दोन्ही हातांनी डोक्यावर घेतली आणि जोडावर घातली. जोड वाकला. एका बाजूनं पाण्याची बारीक तार निघाली आणि समोरच्या पत्र्यावर कर्कश वाजायला लागली. जोड पूर्ण सुटला नव्हता.

तळवा बटनावरच होता. दाबायला वेळ होता. पहार पुन्हा वर जायला जितका वेळ लागतो, तितका. तिला तो वर बघताना दिसला, त्याचा उघडा गळा दिसला, मनगटावरचा आईच्या दातांचा व्रण दिसला. आणि तिच्या नाकात पुन्हा तो गायीच्या पोटाचा वास आला. तिनं बटन दाबलं नाही.

दुसरा घाव बसला. जोड तुटला. होस उसळला आणि त्याचं स्टीलचं टोक स्वराजच्या तोंडावर आडवं बसलं. जबडा मोडला, गालाचं हाड आत गेलं. तो पडायच्या आत पाण्याचा झोत त्याच्या उजव्या डोळ्यात शिरला. मग तिनं बटन दाबलं.

पंप थांबला. होस जमिनीवर दोनदा आपटून पडून राहिला. कोब्यावर खारं पाणी पसरत गेलं आणि त्यात रक्त मिसळलं. स्वराज पाठीवर पडून तोंडानं घुरघुर आवाज काढत होता. त्याचा हात उजव्या डोळ्याकडं जाई, पण तिथं हात लावण्यासारखं काही राहिलेलं नव्हतं.

ती त्याच्यापाशी बसली. त्याला कुशीवर वळवलं, तोंडातलं रक्त आणि दोन दात बोटानं बाहेर काढले. मग बाहेर जाऊन पिकअप मागं घेतली. टपरीवरच्या दोघांनी त्याला उचलून मागं ठेवलं. आनंदरावांच्या घरासमोर तिनं ब्रेक मारला. मुक्ताबाई दारातच होती. ती काही न विचारता मागं चढली आणि मुलाचं डोकं मांडीवर घेऊन बसली. मलठणवरून शिरूरला जायला एरवी पाऊण तास लागतो. त्या दिवशी किती लागला ते तहमीनाला कधीच आठवलं नाही.

ती रस्त्यावर असतानाच जयसिंग आला. दहा-बारा मोटारसायकली होत्या. स्वराजला मशिनवर ढकलून मारलं, असं गावात पसरलं होतं. कुणी तर म्हणे पाणी मुद्दाम सोडलं, आपल्या लोकांच्या विहिरी नासवायला. ते शेडमध्ये शिरले तेव्हा शेखलाल एकटेच पुसण्याचं फडकं घेऊन एका हातानं रक्त टिपत बसले होते.

"कुणी केलं हे?" जयसिंगनं विचारलं.

"कागद मी फाटका टाकला," शेखलाल म्हणाले. "पाणी माझ्यामुळं गेलं. पोरीचा काही दोष न्हाई."

ते खरं बोलले आणि त्यामुळं मार जास्त पडला. आधी लाथा. मग कुणी तरी रॅकवरचा स्टीलचा पाइप उचलला. तो डोक्यात बसला तेव्हा कातडी कानापासून कपाळापर्यंत उघडली. उरलेल्यांनी टाक्या उलथल्या, पॅनल खाली ओढले, टपरीवरून रॉकेलचा डबा आणून लाकडी टेबलाला आग लावली. त्या टेबलावर तहमीनाचे नकाशे होते. धूर पत्र्याखाली दाटला.

आनंदराव रानातून आले ते हा धूर बघून. मनगटाला पट्टी होती. मुलाचं काय झालं ते त्यांना वाटेतच कुणी तरी सांगितलं होतं. ते शेडमध्ये आले, पायाखालचं लाल पाणी बघितलं, खाली पडलेल्या शेखलाल यांच्याकडं बघितलं. जयसिंगचा पाय पुन्हा उचललेला होता. आनंदरावांनी त्याला डाव्या हातानं कानफटात मारली. मग दुसरी. जयसिंग मागच्या मागं टाकीवर जाऊन आदळला.

"तात्या, तुमच्या पोराचा डोळा गेलाय," तो म्हणाला.

"ठावं हाय मला काय गेलंय," आनंदराव म्हणाले. "ह्याला उचला आता. मेला तर खून म्हणत्यात त्याला."

त्यांनी हे दयेनं केलं की भीतीनं, हे गावात नंतर बरेच दिवस बोललं गेलं. ते स्वतः कधी त्यावर बोलले नाहीत. शेखलाल यांना आनंदरावांच्याच जीपमधून शिरूरला नेलं. स्वराज आणि शेखलाल एकाच दवाखान्यात, एकाच दुपारी दाखल झाले. संध्याकाळच्या आत स्वराजला डोळ्यासाठी पुण्याला हलवलं. डोळा काढावा लागला.

पोलिसांनी दोन्ही बाजूंचे जबाब घेतले. जयसिंगसह नऊ जणांवर गुन्हा दाखल झाला. तहमीनानं जबाब दिला. मी बटनाकडे धावले, पण तोवर घाव बसला होता. हवालदारानं लिहून घेतलं, तिनं सही केली. कुणीच पुढं काही विचारलं नाही. पहार त्याची, घाव त्याचा, हे टपरीवरच्या दोघांनीही सांगितलं होतं.

शेखलाल यांच्या डोक्याला एकवीस टाके पडले. आठव्या दिवशी ते उठून बसले तेव्हा त्यांचा उजवा हात थरथरत होता. डॉक्टर म्हणाले, हे कमी होईल, पण पूर्ण जाईल असं सांगता येत नाही. त्या हातानं वेल्डिंग होणार नव्हतं.

बाराव्या दिवशी तहमीना पुण्याला स्वराजला बघायला गेली. मुक्ताबाई खाटेशेजारी खाली बसली होती. आनंदराव व्हरांड्यात उभे होते. तहमीना आधी त्यांच्यासमोर गेली.

"आबा, विहीर खारी आमच्यामुळं झाली," ती म्हणाली. "मी त्या सकाळी हेच सांगायला आले होते. मशिनचा पंप आणि काही पडदे वाचलेत. अकरा पॅनल चांगले आहेत. ते विहिरीवर लावते. पाणी उपसून गोड करत राहायचं, निघालेलं मीठ नव्या कागदावर आटवायचं. वेळ लागेल."

"किती?"

"पावसापर्यंत निम्मं होईल. पुढचं पावसावर."

आनंदरावांनी मान हलवली. "झाडं न्हाई राहायची तवर."

"खालच्या दोन ओळी जातील. वरच्या वाचतील, आत्तापासून गोड पाणी दिलं तर."

"आण मशिन," ते शेवटी म्हणाले. "विहिरीवर ये. घराच्या उंबऱ्यात पाय ठेवू नको."

"नाही ठेवत."

मग ती आत गेली. स्वराजचा जबडा तारांनी बांधला होता. अर्धं तोंड पट्टीखाली होतं. त्यानं डाव्या डोळ्यानं तिच्याकडं बघितलं आणि उशाशी ठेवलेली पाटी-पेन्सिल खुणेनं मागितली. मुक्ताबाईनं ती त्याच्या पोटावर ठेवली. लिहायला त्याला बराच वेळ लागला. पाटी त्यानं आईकडं न दाखवता तहमीनाकडं वळवली.

तुझा हात बटनावर होता. मला दिसला.

खाटेचा लोखंडी गज धरून तहमीना उभी राहिली.

"हो," ती म्हणाली.

त्यानं अंगठ्यानं अक्षरं पुसली आणि पाटी उलटी ठेवली. मग तोंड भिंतीकडं वळवलं. मुक्ताबाई एकदा त्याच्याकडं, एकदा तिच्याकडं बघत होती. "काय लिव्हलं त्यानं?" तिनं विचारलं. तहमीनानं तिला सांगितलं. सगळं सांगितलं. पहिला घाव, वाकलेला जोड, मधला वेळ. मुक्ताबाईनं ऐकून घेतलं. तिनं हात उचलला नाही, शिवीही दिली नाही. लुगड्याच्या पदरानं मुलाच्या हनुवटीवरून ओघळलेली लाळ पुसली, आणि तहमीनाकडं पाठ करून बसली.

तिथून तहमीना थेट शिरूरला आली आणि पोलीस स्टेशनात गेली. साहेब जेवायला गेले होते, ती दीड तास बाकावर बसून राहिली. ते आल्यावर तिनं जबाब बदलायचा आहे असं सांगितलं.

साहेबांनी ऐकून घेतलं आणि पेन खाली ठेवलं. "ताई, घरात घुसला तो. तोडफोड त्यानं केली. तुमच्या वडिलांना मारलं. तुम्ही कशाला अंगावर घेताय? हे लिहिलं तर तुमच्यावर पण कलम लागू शकतं."

"लागू द्या."

"वकिलाशी बोलला?"

"नाही. लिहा तुम्ही. माझा हात बटनावर होता. दुसऱ्या घावाच्या आधी मला बटन दाबता आलं असतं. मी दाबलं नाही."

"का नाही दाबलं, ते पण लिहावं लागेल."

"त्याला लागावं असं मला वाटलं," ती म्हणाली. "एवढं लागेल असं वाटलं नव्हतं. पण लागावं असं वाटलं."

साहेबांनी लिहिलं. तिनं वाचून सही केली.

घरी आली तेव्हा उन्हं कलली होती. शेखलाल जळक्या शेडच्या दारात खुर्चीवर बसले होते. तिनं त्यांच्यासमोर उभं राहून सांगितलं, बटनाचं, जबाबाचं आणि विहिरीवर मशिन लावायचं, सगळं. ते खुर्चीतून उठले. थरथरणाऱ्या उजव्या हातानं त्यांनी तिच्या गालावर मारली. आयुष्यात पहिल्यांदा. हात नेम धरू शकत नव्हता म्हणून अर्धी कानावर बसली आणि तिच्या कानात सूं असा आवाज भरला. ती हलली नाही. त्यांनी दुसऱ्यांदा हात उचलला, तो हवेतच कापत राहिला, आणि मग त्यांनी तो खाली घेऊन गळ्यात बांधलेल्या डाव्या हातानं दाबून धरला.

"पोरगं होतं ते," ते म्हणाले. "तुझ्या वर्गातलं."

"हो अब्बा."

"आन् मी ठिगळ बघून गप बसलो. मला कोण मारणार?"

शेडमधून अजून जळक्या प्लॅस्टिकचा वास येत होता. शेखलाल पुन्हा खुर्चीत बसले. समोरून रांजणगावची कंपनीची बस गेली, खिडकीतल्या दोन-चार माणसांनी त्यांच्याकडं बघितलं आणि नजर वळवली.

"पॅनल कवा न्यायचे हिरीवर?" शेखलाल यांनी विचारलं.

"उद्या. पिकअपच्या दोन खेपा होतील."

"सांगाड्याचं तोंड दक्षिणेला कर. आन् सकाळी लवकर निघ. पहिलं ऊन वाया जाऊ देऊ नको."

दुसऱ्या दिवशी सात वाजता ती पहिली खेप घेऊन उतारावर गेली. आनंदराव आधीच विहिरीवर होते. त्यांनी एका हातानं पॅनलची एक बाजू धरली, तिनं दुसरी. दोन खेपांत अकराही पॅनल उतरले. नऊच्या सुमाराला पंप सुरू झाला, काटा हळूहळू चढला, आणि डाळिंबाच्या वरच्या ओळीला गोड पाणी लागलं.